टाळूचे टाके

आज दाताच्या डॉक्टरांनी तोंडात बॅटरी मारून विचारलं, “टाळूचं ऑपरेशन कधी झालं?” आणि मला चाळीस वर्षांपूर्वीचा धुळ्याचा दवाखाना आठवला.

जन्मापासून माझ्या टाळूला फट होती. प्यायलेलं पाणी नाकातून यायचं आणि बोलणं फक्त आईला कळायचं. नवव्या वर्षी टाके पडले. मग कित्येक महिने बोलण्याचा सराव केला. एके दिवशी तपासणीला गेलो तेव्हा दवाखान्यातल्या नव्या नर्सबाईंनी नाव विचारलं. “कमल,” मी म्हणाले आणि त्यांना ते लगेच कळलं.

“मन्ही पोर बोलनी!” आई रडत म्हणाली.

परतताना एसटीत पिंपळनेरपर्यंत मी अनोळखी बायकांशी बोलत राहिले. आई खिडकीबाहेर बघत होती. दमली असेल, असं वाटलं. आता ती नाही, आणि आठवतं की त्या अख्ख्या वाटेत मी तिच्याशी एक शब्दही बोलले नव्हते.