खिडकीबाई आणि काकूंचा डबा

दुसऱ्याचा जीव वाचवणाऱ्या माणसांच्या चेहऱ्यावर एक वेगळंच तेज असतं, असं म्हणतात. खिडकीबाईंच्या चेहऱ्यावर बाराही महिने सर्दी असे. डार्मश्टाटच्या क्षय दवाखान्यातल्या या परिचारिका कुणाच्याही घरात शिरल्या की 'नमस्कार' म्हणायच्या आधी खिडकी उघडत, जानेवारीतही. मी तिथे पीएचडी करत होतो आणि त्यांचा रुग्ण होतो. हे नाव मीच त्यांना ठेवलं.

दवाखाना शंभरीला आला होता. भिंतीवर पहिल्या परिचारिकांचा फोटो होता: लांब झगे, हातात टोपल्या, चेहरे इतिहास घडवत असल्यासारखे. "इतिहास कसला," बाई म्हणायच्या. "त्या घरोघर जाऊन विचारायच्या, एका पलंगावर किती जण झोपता? मी विचारते, कुणाच्या टेबलाशी जेवता? बाकी सगळं तेच."

मलाही त्यांनी तेच विचारलं. रुग्णालयात काही आठवडे काढून मी नुकताच खोलीवर परतलो होतो. प्रयोगशाळेतल्या सहा जणांची नावं दिली. दर रविवारी ज्यांच्याकडे जेवत असे, त्या गावातल्याच ओळखीच्या मराठी काकूंचं नाव दिलं नाही. काकू आपल्या भाचीसाठी माझा विचार करत होत्या. क्षय म्हटल्यावर ते स्थळ गेलंच असतं, आणि बातमी सोमवारपर्यंत फ्रँकफर्टच्या मराठी मंडळींत पोचली असती. मला न्यूमोनिया झाला होता, असं मी काकूंना सांगितलं होतं.

ओट्यावर त्यांचा स्टीलचा डबा होता. रिकामा परत कसा द्यायचा, म्हणून राहून गेलेला. झाकणावर काकूंचं नाव कोरलेलं. बाईंनी तो उचलला. "हे काय लिहिलंय?"

"कंपनीचं नाव," मी म्हणालो.

चित्र काढावं तशी त्यांनी ती अक्षरं वहीत उतरवून घेतली. "गेनाऊ, अगदी बरोबर," म्हणाल्या आणि शिंकल्या.

तीन महिन्यांनी काकू खोकत त्याच दवाखान्यात गेल्या. थांबावं लागेल म्हणून सोबत खाण्याचा दुसरा डबा. झाकणावर तीच अक्षरं. त्याच दुपारी बाई माझ्याकडे आल्या. आधी खिडकी उघडली, मग वही.

"आल्झो, तर मग," त्या म्हणाल्या, "तुमची कंपनी खोकतेय."

मी काहीतरी जुळवू लागलो.

"खोटं बोला, मला सवय आहे. पण जेवता कुठे, तेवढं खरं सांगत जा. माझं काम त्यावरच चालतं." आणि सगळी यादी पहिल्यापासून पुन्हा लिहायला लावली.

काकूंना सहा महिने गोळ्या घ्याव्या लागल्या. भेटायला गेलो, तेव्हा त्या इतकंच म्हणाल्या, "अरे, मला सांगायचंस. मी काय तुला वाढायचं थांबवलं असतं?" रागावल्या असत्या तर मला सोपं गेलं असतं. भाचीचा विषय पुन्हा निघाला नाही.

बाई निवृत्त झाल्या त्याच वर्षी दवाखान्याची शताब्दी साजरी झाली. प्रमुख पाहुणे मानवतेवर बोलत असताना बाईंनी उठून खिडकी उघडली. भाषणाची दोन पानं उडाली. कुणाला फरक जाणवला नाही. मग आदर्श रुग्ण म्हणून माझा सत्कार झाला. सूत्रसंचालकांनी माझ्या कार्डावरचा बाईंचा शेरा वाचून दाखवला: 'रुग्णाने पूर्ण सहकार्य केले.' मी बाईंकडे पाहिलं. त्या नाक पुसत होत्या.

पहिल्या रांगेत बसलेल्या काकूंनी टाळ्या वाजवल्या. त्यांचा डबा अजून माझ्याकडेच आहे. रिकामा.