कुंपणातलं तेरेस्केन

तोक्तोबुबूच्या आधी तिच्या आईला तीन मुलं झाली आणि तिन्ही गेली. चौथीच्या वेळी आजीने नाळ कापता कापताच नाव ठेवून टाकलं, तोक्तो, म्हणजे थांब. पोरगी थांबली. मुर्गाबच्या वरच्या अंगाला, जिथे वाऱ्याशिवाय काहीच धड वाढत नाही अशा त्या पठारावर ती जी थांबली ती कायमचीच.

तिच्या बाविसाव्या वर्षी गावाबाहेर वनस्पती केंद्राची तीन खोल्यांची इमारत उभी राहिली. रशियातून क्सेनिया ल्वोव्ना नावाची काटकुळी बाई आली, वाकून वाकून झुडपं बघत चार दिवस फिरली आणि मग एका उतारावर काटेरी तारेचं कुंपण घालून घेतलं. आत तेरेस्केनची एकशे बारा झुडपं होती. गुडघ्याएवढी, राखाडी, दिसायला जळकी. प्रत्येकाला नंबराचा पत्रा बांधला. मेंढ्या नाहीत, याक नाहीत, कुदळ नाही, माणसाने हात न लावता हे झुडूप किती वाढतं ते बघायचं, असं ठरलं. गावाची हसून हसून पुरेवाट झाली. तेरेस्केन म्हणजे सरपण. त्याला काय कुंपण घालायचं!

मापं घ्यायला माणूस हवं होतं. तोक्तोला लिहितावाचता येत होतं, आणि तिचा नवरा ममात केंद्राचा ट्रक चालवायचा, म्हणून काम तिला मिळालं. दर जुलैमध्ये प्रत्येक झुडपाची उंची, घेर आणि नवे कोंब वहीत भरायचे. तिसऱ्या वर्षी वाऱ्याने तिला जेरीस आणलं. तिने खोलीत बसून चहा पीत पीत मागच्या वर्षीच्या आकड्यांत थोडं थोडं घालून पानं भरून टाकली. ल्वोव्नाने वही चाळली आणि सकाळी तिला दंडाला धरून एकसष्ट नंबरापाशी नेलं. सशांनी ते बुंध्यापर्यंत कुरतडलेलं होतं.

"हे दोन बोटं वाढलं म्हणतेस?"

तोक्तोने सगळी एकशे बारा पुन्हा मोजली. त्यानंतर तिने आयुष्यात खोटा आकडा लिहिला नाही, आणि ह्याचा तिला भलताच ताठाही होता. दुकानदाराने गोणीचं वजन चुकीचं सांगितलं तर ती चार लोकांत त्याची शोभा करायची.

वर्षं गेली. ममात घाटात ट्रकसकट गेला. मूलबाळ नव्हतंच. ती कुंपणातच रमली. अंगठ्याएवढ्या खोडाला साठ वर्षं लागतात, हे तिला ल्वोव्नाने कापलेल्या फांदीवर मोजून दाखवलं होतं, आणि तेव्हापासून बाहेर कुणी तेरेस्केन उपटताना दिसलं की तिचा जीव खालीवर व्हायचा. गावाने तिचं नावच पाडलं, झुडपांची सासू. तिच्यासमोरही म्हणायचे. ती म्हणायची, "सासू आहे म्हणून तर नांदताहेत. तुमच्या घरी असती तर पहिल्याच हिवाळ्यात चुलीत गेली असती."

मग सोव्हिएत देश मोडला. कोळशाचे ट्रक आधी उशिरा यायला लागले आणि मग यायचेच थांबले. वीज गेली, तारांवर नुसते कावळे उरले. केंद्र बंद झालं. सामान भरलेल्या गाडीशेजारी उभी राहून म्हाताऱ्या ल्वोव्नाने एवढंच सांगितलं, "तोक्तो, मी परत येईपर्यंत कुंपण सांभाळ. चौतीस वर्षं झालीत. जगात दुसरीकडे असं काही नाही."

तोक्तोने घरातून रोटी आणली, तिच्यावर हात ठेवला आणि म्हणाली, "शब्द मोडला तर ही रोटी मला भोवू दे." ह्याच्यापुढे आमच्याकडे शपथ नाही.

त्या वर्षीच्या हिवाळ्यात गावाने आजूबाजूचं तेरेस्केन मुळासकट काढलं. आधी घराभोवतीचं, मग तासाभराच्या चालीवरचं, मग गाढव घेऊन दिवसभर जावं लागेल तिथलं. मेंढ्या पिठासाठी विकलेल्या, म्हणून शेणीही नव्हत्या. तोक्तोची जाऊ काल्बुबू शेजारच्या घरात दोन वर्षांच्या जिपारला घेऊन राहायची. नवरा पीठ शोधायला ओशला गेला होता, तो काही परतला नव्हता. जानेवारीत तोक्तो स्वतःच तिला म्हणाली, "उचल पोरीला आणि ये इकडे. दोन चुली कशाला?" तशा त्या तिघी एका खोलीत आल्या. तोक्तोने आपली पेटी जाळली, फळ्या जाळल्या, माग जाळला, आतल्या खोलीचं दार जाळलं. शेणी शोधत ती रोज नदीकडे जायची आणि अर्धी गोणी घेऊन यायची.

फेब्रुवारीत जिपारला खोकला झाला आणि मागोमाग ताप.

"एजे," काल्बुबू म्हणाली, "तुमच्या त्या लेकरांपैकी दोन द्या ना. एकशे बारातली दोन. ल्वोव्ना काय मोजायला येतेय?"

"दोन दिली की उद्या गाव दहा मागेल. परवा कुंपणच राहणार नाही."

"मग गुपचूप आणू. मी आणते. तुम्ही तिकडे तोंड करून उभ्या राहा."

"पत्रे आहेत गं प्रत्येकाला. उद्या कोळशाची गाडी येतेय, गावच्या प्रमुखाने सांगितलंय. उद्यापर्यंत कळ काढ."

प्रमुख खोटं बोलत नव्हता. त्यालाही दुसरं कुणी तसंच सांगत होतं. गाडी रोज उद्या येणार होती. तोक्तोने आपला लोकरीचा जाड नमदा पोरीवर घातला, आपली मेंढीच्या कातड्याची बंडी तिला चढवली, स्वतः पोत्यात पाय खुपसून बसली. जे जे तिचं होतं ते तिने दिलं. कुंपण तिचं नव्हतं, असं ती स्वतःला सांगत राहिली. पाचव्या दिवशी काल्बुबू काहीच मागेनाशी झाली. ती नुसती तोक्तोकडे बघायची, आणि तोक्तो शेणी शोधायला बाहेर पडायची.

सहाव्या दिवशी भर दुपारी जिपार गेली.

अंघोळ घालायला पाणी तापवायला हवं होतं. बर्फ वितळवून पाणी करायचं तर जाळ हवा, आणि थडग्याची जमीन इतकी गोठलेली की पहार लागल्यावर नुसत्या ठिणग्या उडाल्या. तिथेही आधी जाळ करून जमीन सैल करावी लागते. पुरुष एकमेकांची तोंडं बघत उभे होते. कुणाच्याच घरात काही नव्हतं. तोक्तो कुदळ घेऊन गेली, तार उचलली आणि पहिली बारा झुडपं स्वतः काढली. तिला शपथ आठवली नाही. रोटी आठवली नाही. एवढंच मनात आलं, की आज ही निघताहेत तर काल का नाही निघाली. ते मनात येताच तिने कुदळ इतक्या जोरात घातली की दांडा मोडला. काही झुडपांवर पाणी तापलं, बाकीच्यांवर जमीन.

पोरीला तिने आणि काल्बुबूने मिळून न्हाऊ घातलं. पाणी चांगलं कोमट होतं. चार महिन्यांत जिपारच्या अंगाला एवढं कोमट काही लागलं नव्हतं. तोक्तोच्या हातून भांडं सुटलं, ते काल्बुबूने उचललं.

दुसऱ्या दिवशी गाव आलं. कुणी विचारलं नाही आणि तिनेही अडवलं नाही. आसपासच्या चार घरांनी मिळून काढायला सुरुवात केली. तेव्हा तोक्तो केंद्राचा स्प्रिंगचा काटा आणि वही घेऊन कुंपणाच्या तोंडाशी उभी राहिली. प्रत्येक झुडूप तिच्यासमोर काट्याला लटकवायचं, नंबर बघायचा, मुळांसकट वजन लिहायचं आणि मगच न्यायचं. लोक म्हणाले, बाईला वेड लागलं. पण दटावली की लटकवत होते. ती का लिहीत होती ते तिलाही सांगता आलं नसतं. हात रिकामा राहिला तर आपण खाली बसू, आणि बसलो तर उठणार नाही, एवढं तिला पक्कं ठाऊक होतं.

चार घरांनी चार दिवसांत कुंपण फस्त केलं. पाचव्या दिवशी कोळशाची गाडी आली.

चाळिसाव्या दिवसाच्या जेवणाला, जेवण म्हणजे गव्हाची पातळ पेज, काल्बुबू आपण होऊन तोक्तोशेजारी येऊन बसली. "एजे, मी खूप वाईट विचार केले तुमच्याबद्दल. तुमचा गळा धरावा असं वाटायचं. पण बघितलं ना, अख्खं कुंपण चार दिवसांत जळून गेलं. चार दिवसांनी माझ्या पोरीचं काय झालं असतं? तुम्ही मनाला लावून घेऊ नका." तोक्तोने तिचा हात धरला आणि ढसाढसा रडली. काल्बुबूचा नवरा परत आलाच नाही, तो रशियात दुसरं घर करून राहिल्याचं कळलं. काल्बुबू तोक्तोकडेच राहिली. दोघी एका चुलीवर स्वयंपाक करायच्या, एकमेकींच्या केसांना तेल लावायच्या, भांडायच्या. त्या चार दिवसांच्या हिशेबावर दोघींनी सहा वर्षं काढली. चार घरं होती हे दोघींनाही माहीत होतं. गुणाकार मात्र तोक्तोने कधी केला नाही. जिने आयुष्यभर मोजमाप केलं तिने एवढंच मोजायचं टाळलं, आणि वही पिठाच्या डब्याखाली घालून ठेवली.

सातव्या वर्षी बिश्केकहून एर्मेक नावाचा वनस्पतीवाला आला. बोलका, हसरा, चष्म्याला दोरी बांधलेला. ल्वोव्ना तीन वर्षांपूर्वी वारल्याचं त्याने सांगितलं. मोकळा उतार बघून तो हळहळला, आणि मग तोक्तोने वही काढून दिली तेव्हा जागेवरून उठलाच.

"आपा, मुळांसकट वजनं? एकेकाची? अहो, हे कुणाकडेच नाही! मी ह्याच विषयावर लिहितोय, सरपणापायी ही झुडपं कशी गेली." तो पानं उलटत होता. "पहिल्या बारांची नाहीत?"

"ती घाईत गेली."

"हरकत नाही, सरासरी धरू." तो पुटपुटत बेरीज करू लागला. तोक्तोला उठून वही ओढून घ्यावीशी वाटली. "शंभरांचे एकशे नव्वद किलो. सगळी मिळून दोनशे तेरा. आणि हिवाळ्यात एका चुलीला दिवसाला किती लागतं?"

ती चाळीस म्हणाली असती तरी त्याला कळलं नसतं. पलीकडे काल्बुबू चहा गाळत होती. पेटीबरोबर जळालेल्या दाराच्या जागी नुसता पडदा होता.

"साडेबारा," तोक्तो म्हणाली. "जपून वापरलं तर."

"म्हणजे एका घराला सतरा दिवस!" एर्मेक मोठ्याने म्हणाला. "पस्तीस वर्षं राखलेलं कुंपण, आणि एका चुलीला पूर्ण सतरा दिवस. हे वाक्य मी लेखात टाकणार, आपा."

"हळू बोला," तोक्तो म्हणाली. पण पडदा सरकला होता.

काल्बुबू चहाची किटली घेऊन आत आली. एर्मेकची वाटी तिने रीतीप्रमाणे अर्धीच भरली, पाहुण्याला पुन्हा मागता यावी म्हणून. मग तोक्तोची वाटी पुढे ओढली आणि ओतत राहिली, काठ आला तरी ओतत राहिली, चहा चादरीवर सांडेपर्यंत. इथे कुणाला उठून जायला सांगायचं असलं, की वाटी अशी भरतात.

घर तोक्तोचं होतं. तिने दोन्ही हातांनी वाटी उचलली, एक थेंब न ठेवता प्यायली, आणि डोक्याला रुमाल बांधून बाहेर पडली.