अंबाडीच्या कागदाचं जाकीट

परीक्षेच्या आदल्या दिवशी दुपारी आईने ताईच्या कागदी जाकिटावर पाणी शिंपडलं. साल नव्वदच्या दशकाच्या शेवटचं, नक्की आठवत नाही. महिना एप्रिल होता.

आम्ही नाशिक रोडला कॉलनीत राहत होतो. ताई कपडे शिवण्याचा डिप्लोमा करत होती. शेवटच्या परीक्षेला तिने हाताने केलेल्या कागदाचा कपडा निवडला होता. अट एकच होती: तो अंगात घालून खुर्चीवर बसायचं, दोन्ही हात वर करायचे. फाटला तर नापास.

सायखेड्याच्या मामाने अंबाडीचा वाख, म्हणजे तिच्या सालीचे धागे, आणून दिला. ताईने तो धुण्याच्या सोड्यात उकळला, गच्चीवर धोपाटण्याने कुटला, टबातल्या पाण्यात कालवला आणि लाकडी चौकटीला ठोकलेल्या मच्छरदाणीच्या जाळीवर उचलला. वाळलेला कागद पापडासारखा कडक होई. पहिली दोन जाकिटं हात वर करताच काखेत फाटली. तिसऱ्यापुरताच कागद उरला होता. त्या दिवशी ते जाकीट शिवून, खुर्चीच्या पाठीवर टाकून ती फाइल द्यायला कॉलेजात गेली.

खुर्चीवर इस्त्रीचे कपडेही होते. आईची पद्धत ठरलेली: सुती कपड्यांवर पाणी शिंपडायचं, घट्ट गुंडाळायचं, दोन-तीन तास ठेवायचं, मग इस्त्री. जाकीट वडिलांच्या शर्टात गुंडाळलं गेलं.

ताई परतली तेव्हा आईने इस्त्रीसाठी तो बोळा उलगडला होता.

"आई, हा कागद आहे."

"तीन महिने तूच सांगतेयस, कागद म्हणू नका, कपडा म्हणा. म्हटलं कपडा."

"म्हणून पाणी?"

"मग काय अत्तर शिंपडू?"

ताई जाकीट ओढायला गेली. वडिलांनी तिचा हात धरला. "ओलं आहे तोवर हात लावू नको. सावलीत वाळू दे."

जाकीट चटईवर पसरलं. संध्याकाळपर्यंत वाळलं. अंगभर सुरकुत्या पडल्या होत्या, डावी काख उसवली होती, पण कागद जुन्या चादरीसारखा मऊ झाला होता. ताईने बाही चुरगाळून पाहिली. कडकडला नाही. आईने सुई ओवली आणि काखेला आतून मांजरपाटाच्या जाड सुती कापडाची पट्टी लावली.

दुसऱ्या दिवशी परीक्षेत जाकीट मीच घातलं होतं. माप माझंच होतं. परीक्षक बाईंनी बसायला लावलं, उठवलं, हात वर करायला सांगितले. पुन्हा एकदा करायला सांगितले. मग काख उलटून पट्टी पाहिली आणि विचारलं, "कागद इतका मऊ कशाने केला?"

"पाणी शिंपडून गुंडाळून ठेवला," ताई म्हणाली.

बाईंनी ते लिहून घेतलं. ताई पास झाली. पुढे तिने आणखी चार जाकिटं केली. चारही वेळा बेतण्याआधी कागदावर पाणी शिंपडून तो आईकडे गुंडाळायला दिला.