लॉर्डसाहेबांची शाबासकी

मार्च २०११मध्ये जपानला मोठा भूकंप झाला, त्यानंतरच्या ऑक्टोबरात एक ब्रिटिश लॉर्ड आमची माशांवर संशोधन करणारी प्रयोगशाळा बघायला आले. इंग्रजी आणि जपानी दोन्ही भाषा बऱ्यापैकी येतात म्हणून प्रोफेसरांनी मला त्यांचा दुभाषा नेमलं. मी ही बातमी पुण्याला घरी फोन करून सांगितली, कोट दोनदा इस्त्री केला आणि ग्योतोकुतल्या घरून निघून टोकियोतल्या त्यांच्या हॉटेलात अर्धा तास आधीच जाऊन बसलो.

लॉर्ड निघाले उसवलेल्या बाहीचे, सत्तरीतले गृहस्थ. ट्रेनमध्ये ते मोठमोठ्याने बोलत होते आणि अख्खा डबा चोरून बघतोय हे त्यांच्या गावीही नव्हतं. सव्विसाव्या वर्षी आजोबांचा किताब त्यांच्याकडे आला. सोबत ब्रिटिश संसदेतल्या उमरावांच्या सभागृहातली जागा आणि गळक्या छपराचं अवाढव्य घर. घर आता तिकीट लावून लोकांना दाखवतात. मधे काही वर्षं ते सरकारात कनिष्ठ मंत्रीही होते.

मग त्यांनी पुराचं सांगितलं. त्यांच्या खेड्यात नदी शिरली तेव्हा ते स्कॉटलंडमध्ये मित्रांबरोबर शिकारीला गेले होते. निरोप मिळूनही दोन दिवस तिथेच राहिले. “मी गावात नव्हतो, आणि त्याला काही सबब नव्हती,” ते म्हणाले. हे त्यांनी चर्चमध्ये गावासमोर उभं राहून कबूल केलं होतं. पुढे सभागृहात पुरावर बोलताना ते सुरुवात तिथूनच करत.

“मार्चमध्ये तुम्ही कुठे होतात?” त्यांनी विचारलं.

मी भूकंपानंतर चौथ्या दिवशी मिळेल त्या विमानाने पुण्याला पळालो होतो. बायको आधीपासून माहेरीच होती, म्हणजे तीही सबब नव्हती. जूनमध्ये परतलो ते काजूकतलीचे दोन खोके घेऊन. इथे सुट्टीहून आलेला माणूस सगळ्यांसाठी खाऊ आणतो, तसे ते मी लॅबच्या टेबलावर मांडले. सगळ्यांनी एकेक तुकडा घेतला, आभार मानले. त्या खोक्यांची मला अजून लाज वाटते.

“लॅबमध्येच होतो, सर,” मी म्हणालो. इतकं सरळ बोलणाऱ्या माणसाशी मी खोटं बोललो, ते केवळ साहेबाने पाठ थोपटावी म्हणून. मग तर जीभ सुटलीच. वीज गेली की हवेचे पंप बंद पडायचे, तेव्हा मी माशांच्या टाक्यांतलं पाणी मगाने उचलून पुन्हा पुन्हा आत ओतायचो, म्हणजे पाण्यात हवा मिसळते, वगैरे.

हे केलं होतं आमच्या तंत्रज्ञ बाईंनी. माझ्या आईच्या वयाच्या, वर्षावर्षाच्या करारावर काम करणाऱ्या. ट्रेन बंद असताना त्या सायकलने यायच्या.

दुपारी लॅबमध्ये लॉर्ड सगळ्यांसमोर उभे राहिले आणि म्हणाले, “तुमच्या भारतीय सहकाऱ्याने अंधारात मगाने पाणी ओतून हे मासे जगवले. माझ्यात ती हिंमत नव्हती.” याचं जपानी मला करायचं होतं, आणि मी पळालो होतो हे समोरच्या प्रत्येकाला ठाऊक होतं.

जपानीत सांगताना मी माझ्या जागी बाईंचं नाव घेतलं. टाळ्या पडल्या. लॉर्ड माझ्याकडे बघून टाळ्या वाजवत होते, बाकीचे बाईंकडे बघून. बाई वाकल्या. आपण दोन्हीकडून सहीसलामत सुटलो, असं मला वाटलं. मी खूशही झालो, हे लपवत नाही.

पंधरा दिवसांनी सभागृहाच्या जाड कागदावर लॉर्डांचं पत्र आलं. पाणी, मग, अंधार, माझं धैर्य, सगळं त्यात होतं. परदेशी टपाल बाईच उघडायच्या. त्यांना इंग्रजी बोलता येत नसे, वाचता मात्र चांगलं येई, याचा मी कधी विचारच केला नव्हता.

त्यांनी पत्राची स्वच्छ प्रत काढली, प्लास्टिकच्या पाकिटात घातली आणि दोन्ही हातांनी माझ्यापुढे धरली. मी तेव्हा कायमच्या नोकरीसाठी अर्ज करत होतो. बाईंच्या आवाजात टोमण्याचा लवलेश नव्हता.

“अर्जाला जोडा,” त्या म्हणाल्या. “तुम्हाला उपयोग होईल.”

मी जोडलं.