गाडी येईपर्यंत

लहानपणी आम्ही धमतरीला राहायचो. नागपूरला जायचं म्हणजे छोट्या लाइनच्या गाडीनं रायपूरला यायचं, तलावाकाठच्या स्टेशनवर उतरायचं आणि रिक्षानं मोठं स्टेशन गाठून दुसरी गाडी धरायची. पण त्याआधी आई काठावर डबा उघडायची. "आधी जेवा, मंग गाडी." पोळी आणि वांग्याची भाजी खाल्ल्याशिवाय तिनं आम्हाला कधी गाडी बदलू दिली नाही.

आता मी रायपुरातच राहते. छोट्या लाइनचे रूळ उखडून तिथं रस्ता केलाय. तलावाला रेलिंग लागली, समोर हॉटेलं आली. परवा मी त्याच काठावर बसून डबा उघडला, तर गार्ड शिट्टी वाजवत आला.

"दीदी, यहाँ बाहर का खाना मना है."

बाहरचं? आमची वांग्याची भाजी या काठावर त्या हॉटेलांच्या कितीतरी आधीपासून आहे! मी मुद्दाम मराठीतच म्हटलं, "मले गाडी बदलाची आहे."

तो हसला. "स्टेशन तो कब का टूट गया."

"तोडताना मले कोणी विचारलं होतं काय?" मी दुसरी पोळी काढली. "गाडी आली की उठतो."