पायपेटीची बोली

पायपेटी म्हणजे पायाने भाता मारत दोन्ही हातांनी वाजवायची मोठी पेटी. आमच्याकडे दिवाळीनंतर गावोगावी मंडई, म्हणजे जत्रा भरते; तिच्यातल्या नाटकांना ती लागतेच. बाबांची पेटी उधईने पोखरून खाल्ली, तेव्हापासून मी उसन्या पेटीवर दिवस काढत होतो. गोंदियात गल्लोगल्ली इंटरनेट कॅफे निघाले होते, त्या काळात कोलकात्याच्या कुणीतरी अगदी तशीच जुनी पेटी ऑनलाइन लिलावात काढली. ही बातमी आणली माझ्या लहानपणच्या दोस्ताने. आमच्या नाटकांत तबला तोच वाजवायचा.

मला कॉम्प्युटरमधलं ओ की ठो कळत नव्हतं. जिल्ह्यातल्याच आमच्या गोरेगावहून एसटीने आम्ही गोंदियाला गेलो आणि माझ्या नावाची बोली त्यानेच टाइप केली. मी जास्तीत जास्त कुठवर जाऊ शकतो, तेही मी त्याला सांगून टाकलं. थोडी आणखी चढवू म्हटलं, तर म्हणाला, "कायले चढवून राहिला? इतक्यात भेटते."

शेवटच्या दिवशी मी स्क्रीनसमोर बसलो आणि तो मेल बघतो म्हणून पलीकडच्या केबिनमध्ये गेला. शेवटच्या मिनिटापर्यंत पेटी माझी होती. मग कुण्या अनोळखी नावाची जराशी वरची बोली आली आणि मला कीबोर्डवर आकडे सापडायच्या आत लिलाव बंद झाला. बाहेर त्याने मला चहा पाजला, नशिबाला शिव्या घातल्या. मला तेवढ्यानेही बरं वाटलं.

मंडईच्या तोंडावर पेटी त्याच्या अंगणात उतरली. नाटक मंडळ्यांना भाड्याने द्यायला घेतली होती. मी जाब विचारला, तर थंडपणे म्हणाला, "नियमानं घेतलो. शेवटच्या मिनिटाले बोली लावाले मनाई हाय का?"

मनाई नव्हती, कबूल. पण गावात देवळासमोर लिलाव होतो, तेव्हा पुकारणारा एक वार, दोन वार म्हणत सगळ्यांच्या तोंडाकडे बघतो. मागे पडलेल्याला उत्तर द्यायला वाव असतो. तरी एखाद्या परक्याने घड्याळ बघून मला हरवलं असतं, तर मी चरफडून गप्प बसलो असतो. याला मात्र माझा आकडा मीच विश्वासाने दिला होता. त्याचा राग अजून गेलेला नाही.

वर त्याने एका नाटक मंडळीला पेटीसोबत वाजवणारा म्हणून मलाच कबूल करून टाकलं होतं, न विचारता. "तू वाजवल्याबिगर राहशील का?" म्हणाला.

नाही राहिलो. गेलो, वाजवली, आणि नाटक संपेपर्यंत तबल्याकडे मान वळवली नाही.