मावशीच्या सनदेला तीट

आमच्या मावशीच्या बोलण्यावर विश्वास ठेवायचा, तर निजामी राज्याच्या शेवटच्या वर्षांत लातुरात एकही धड मूल जन्माला आलं नाही. आणि तिला खोटं पाडणार कोण? गावातली निम्मी लेकरं तिच्याच हातांवर या जगात उतरलेली. बाळ पुसून, गुंडाळून आईच्या कुशीत देताना ती तोंड वाकडं करून म्हणायची, "घे बाई. हाय आपलं काळंबेंद्रं." गोरंपान असेल तर काळंबेंद्रं, गुटगुटीत असेल तर मरतुकडं. रडून दवाखाना डोक्यावर घेणाऱ्याला म्हणायची, "जीव हाय का न्हाई कुणाला ठाऊक." चांगल्याला चांगलं म्हटलं की दृष्ट लागते, हे तिचं सगळ्यात पक्कं शास्त्र. लातूरच्या आयांनाही ते पाठ होतं. मावशीनं मरतुकडं म्हटलं, की त्या समाधानानं डोळे मिटायच्या. एका लेकराला ती चुकून "छान हाय" म्हणाली, तर त्याच्या आजीनं घाबरून देव पाण्यात घातले. मी तिचा सख्खा भाचा, म्हणून मला काही सूट नव्हती. जन्मल्यापासून मी माकडतोंड्या. मॅट्रिकला नापास झालो तेव्हा मात्र ती पहिल्यांदा चारचौघांत म्हणाली, "पोरगं हुशार हाय." यावरून माझी काय अवस्था झाली असेल ते ओळखावं.

मावशी तरुणपणीच विधवा झाली. शिरूर अनंतपाळला दिराच्या चुलीपुढं काही वर्षं काढून ती लातूरच्या जनाना दवाखान्यात दाई म्हणून लागली आणि दवाखान्यामागच्या एका खोलीत राहू लागली. खोलीत उजेड कमी, ढेकूण जास्त. पण कुलूप तिचं स्वतःचं होतं, आणि त्याची किल्ली ती कमरेला अशी खोचायची, की दौलताबादच्या किल्लेदारानं शिकून घ्यावं. मग एक दिवस हैदराबादहून हुकूम आला, की सनद नसलेल्या दायांना नोकरीवर ठेवायचं नाही, परीक्षा नांदेडला. नोकरी गेली म्हणजे खोली गेली, आणि खोली गेली म्हणजे पुन्हा शिरूरची चूल. बातमी कळताच दीर हजर.

"वैनी, बैलगाडी कधी पाठवू?"

"पाठवा की. तुमची बायको बसून येईल, माझी सनद बघायला."

मावशीला आपण नापास होऊ शकतो हे ठाऊकच नव्हतं. तो अनुभव घरात फक्त मला होता. परीक्षेला नाव घालायला गेलो, तर दवाखान्यातल्या कारकून मुन्शीजींनी लेखणी उचलून विचारलं, "पैदाइश की तारीख?"

"मुन्शीजी, माझ्या जन्माच्या वेळी मी कुठं शुद्धीवर होते? तुमच्या चारी लेकरांची विचारा, वारासकट सांगते."

मुन्शीजींनी खाली मान घालून मनानंच एक तारीख लिहिली. परीक्षेचं पुस्तक उर्दूत. मावशीला उर्दू बोलता यायची, वाचता नाही. म्हणून मी वाचायचो, ती ऐकायची आणि पुस्तकाच्या चुका काढायची. पट्ट्या बांधायचा सराव माझ्यावर. एकदा डोकं, हनुवटी आणि एक डोळा बांधलेल्या अवस्थेत मी दार उघडलं, तर दूधवाल्याच्या हातातलं माप खाली पडलं. "कुणी हाणलं, मालक?" आतून मावशी म्हणाली, "कुणी न्हाई. अभ्यास करायलाव आम्ही."

नांदेडला सोबतीचा पुरुष म्हणून मीच गेलो. वॉर्डात पुरुषांना मज्जाव, त्यामुळे मी व्हरांड्यात, बांबूच्या चिकाच्या पडद्यापाशी. हैदराबादहून आलेल्या डॉक्टरीणबाई प्रश्न विचारत होत्या आणि मावशी एखाद्या नव्या सुनेला समजावावं तशी त्यांना समजावून सांगत होती. शेवटी त्यांनी तिला एका बाळंतिणीच्या खाटेपाशी नेलं. बाळ कालचंच होतं.

"देखो, और बोलो. बच्चा कैसा है?"

आतून दुपटं उलगडल्याची सळसळ आली. मग बाळानं टाहो फोडला. मावशीनं तळव्याला टिचकी मारली असणार.

"क्या बोलना बाई," मावशी म्हणाली. "मरतुकडा है. रंग भी काला."

"और साँस?"

"हाय आपली, नावाला."

"अम्मा, बच्चा एकदम तंदुरुस्त है. इतना भी नहीं दिखता आप को?"

पाठोपाठ कागदावर लेखणी करकरली. मला शिरूरच्या बैलांच्या घुंगरांचा आवाज स्पष्ट ऐकू आला.

"दिखता है बाई, म्हणून तर," मावशी म्हणाली. "तुम जरा बाहर आओ."

आणि डॉक्टरीणबाईंचं कोपर धरून तिनं त्यांना व्हरांड्यात आणलं. दार ओढून घेतलं आणि हळू आवाजात एका दमात सांगितलं, की रंग गुलाबी, श्वास मोकळा, टाळू बरोबर, नाळ स्वच्छ बांधलेली, डाव्या पायाचा अंगठा तेवढा आत वळलाय, तो तेल लावून सुटेल. "लेकरू सोन्यासारखं हाय. पर माँ के सामने कैसा बोलना? नजर लगती ना. तुम्हारी अम्मा कभी अच्छा बोलती थी क्या तुमको?"

डॉक्टरीणबाईंनी चष्मा काढला, पदरानं पुसला, पुन्हा घातला. त्या आत गेल्या आणि बाळंतिणीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "हाँ. मरतुकडा ही है."

सनद आली. मावशीनं तिला चौकट करून घेतली, भिंतीवर टांगली आणि बोटानं काचेच्या कोपऱ्यात काजळाची तीट लावली. दीर येऊन बघून गेला. "पास झालात म्हणं, वैनी." "झाले कसंबसं," मावशी म्हणाली आणि किल्ली कमरेला नीट खोचली.

त्या खोलीत ती शेवटपर्यंत राहिली. ती गेल्यावर सामान न्यायला मी गेलो, तेव्हा शेजारच्या खोलीतली परिचारिका बाहेर आली. "तुम्हीच का भाचे? लई सांगायच्या तुमचं."

"काय सांगायची?"

तिनं मला खालपासून वरपर्यंत पाहिलं. ऐकलेलं वर्णन आणि समोरचा ऐवज यांचा मेळ बसत नसावा. "राहू द्या," ती म्हणाली. "तुमच्या तोंडावर सांगितलेलं त्यांना आवडलं नसतं."

सनद आता माझ्या घरी आहे. काच मीच पुसतो, तो कोपरा सोडून. हल्ली लोक भेटले की म्हणतात, या वयातही तब्येत छान आहे तुमची. सरळ तोंडावर म्हणतात. मला अगदी उघड्यावर पडल्यासारखं वाटतं.